सव्वा महिन्यातील सहा भेटी : हिंसा सोसणारी बाळंतीण, तिचे मन आणि आशा सेविकेचे काम

बाळंतिणीच्या खोलीत बाहेरच्या माणसाला सहसा प्रवेश नसतो. शेक-शेगडी, बाळाची दुपटी आणि घरातल्या दोन-तीन बायका एवढ्यावर तिचे सव्वा महिन्याचे जग आटोपलेले असते. त्या खोलीत ठरलेल्या दिवशी, हातात वजनकाटा घेऊन, कोणाच्याही मनात शंका न येता पुन्हा पुन्हा जाऊ शकणारी बाहेरची व्यक्ती म्हणजे गावची आशा. नवऱ्याची मारहाण, धमक्या किंवा जबरदस्ती सोसणाऱ्या आणि त्यापायी आतून खचत चाललेल्या नवमातेपर्यंत पोहोचण्याची जी थोडी संधी असते, ती बहुतेक वेळा याच भेटींतून मिळते. हा लेख ग्रामीण महाराष्ट्रातील आशा सेविका, गटप्रवर्तक, आरोग्य सेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांच्यासाठी आहे. ही संधी नेमकी कशी वापरावी आणि कोणत्या चुकांमुळे ती तिच्यावरच उलटते, हे यात क्रमाने मांडले आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील 18 ते 49 वयोगटातील विवाहित महिलांपैकी सुमारे 29 टक्के महिलांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. त्याच सर्वेक्षणात, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या महिलांपैकी जेमतेम 14 टक्के महिलांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती आणि चारपैकी तीनहून अधिक जणींनी त्याबद्दल कोणाजवळ अवाक्षरही काढले नव्हते. आपल्या भागात असे काही नाही, असे म्हणणाऱ्या कार्यकर्तीने हा दुसरा आकडा आधी लक्षात घ्यावा. दुसरीकडे, बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा गोव्यातील एका रुग्णालयात अभ्यास झाला आणि तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी जवळपास चौथा हिस्सा नैराश्याने ग्रस्त आढळला आणि त्यामागच्या कारणांत गरिबीबरोबर नवऱ्याशी असलेल्या बिघडलेल्या संबंधांचाही समावेश होता. प्रत्यक्ष कामात मात्र मारहाण हा पोलिसांचा विषय आणि उदासी हा अशक्तपणाचा विषय मानला जातो. मग लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक देऊन तिची बोळवण होते. जिथे रोज भीती आहे तिथे नुसत्या गोळीने मन सावरत नाही, आणि जिचे मन पूर्ण ढासळले आहे तिला कायद्याची माहिती दिली तरी ती वापरण्याचे बळ तिच्यात नसते. म्हणून या दोन्ही गोष्टी एकत्रच पाहाव्या लागतात.

पहिली पायरी : ती कोठे आहे, हे आधी नोंदवा

घरी नवजात बाळाची काळजी या कार्यक्रमानुसार दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशा 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी अशा सहा भेटी देते. घरी प्रसूती झाली असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक भेट असते. कागदावर हे वेळापत्रक नेटके दिसते. आपल्याकडे मात्र पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे, आणि हिंसेच्या दृष्टीने या रीतीला दोन बाजू आहेत.

माहेरी असताना ती नवऱ्याच्या हाताबाहेर असते, पोटभर खाते, झोपते आणि आईजवळ थोडे बोलते. या काळात तिला विचारणे त्यामुळे सर्वांत सुरक्षित असते. पण तिची आई जर "पहिलटकरीण आहे, होईल सवय, भांड्याला भांडं लागतंच" असे म्हणणारी असेल, तर माहेरीही ती गप्पच राहते. सव्वा महिना झाला की ओटी भरून तिची पाठवणी होते आणि ती पुन्हा त्याच घरात जाते, या वेळी कडेवर बाळ घेऊन आणि शरीर पुरते भरून आलेले नसताना. बेचाळिसावा दिवस आणि सासरी जाण्याचा दिवस अनेकदा मागेपुढेच येतात. म्हणजे जिथे आपली शेवटची भेट संपते, तिथेच तिचा धोका नव्याने सुरू होतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर बाळंतीण थेट कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीत) जाते, जिथे ना माहेर असते ना ओळखीची आशा.

म्हणून पहिल्याच भेटीत तीन गोष्टी सहज विचारून घ्याव्यात : सासरी कधी जाणार, न्यायला कोण येणार आणि तिथल्या आशा ताईंचे नाव काय. या प्रश्नांचे कोणालाच वावगे वाटत नाही आणि पुढे त्यांचा फार उपयोग होतो.

दुसरी पायरी : रडणे, नैराश्य आणि वेड यांतला फरक ओळखा

प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास निम्म्याहून अधिक बायकांना रडू येते, चिडचिड होते आणि मन हळवे होते. ही अवस्था बहुधा दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. त्यासाठी झोप, आहार आणि प्रेमाचे चार शब्द पुरतात. चौदाव्या दिवसाच्या भेटीतही ती तशीच किंवा त्याहून वाईट असेल, कशात गोडी वाटत नसेल, बाळ झोपले तरी तिचा डोळा लागत नसेल, भूक गेली असेल, "मी चांगली आई नाही" असे ती वारंवार म्हणत असेल किंवा बाळाकडे पाहून तिला काहीच वाटत नसेल, तर हे नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार लागतात.

तिसरी अवस्था दुर्मीळ आहे, हजार बाळंतिणींमागे एक-दोघींची. पण तिच्यात एक दिवसही दवडता येत नाही. बाळंतपणानंतर बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत एकाएकी झोप उडणे, असंबद्ध बोलणे, नसलेले आवाज ऐकू येणे, बाळ बदलले आहे किंवा बाळात काही शिरले आहे असे ठामपणे वाटणे ही तिची लक्षणे आहेत. घरातले लोक याला बाहेरचे झाले असे म्हणतात आणि देवऋषीकडे नेण्याची तयारी करतात. त्यांच्या श्रद्धेशी वाद घालत बसू नये. "तुमचं तुम्ही करा, पण आधी आजच्या आज दवाखाना" एवढेच सांगून 108 ला फोन करावा, आणि गाडी येईपर्यंत आई व बाळ यांना एकटे सोडू नये.

हिंसेच्या खुणा याहून अवघड असतात, कारण त्या मारापेक्षा वागण्यात अधिक दिसतात. जखम आणि सांगितलेले कारण यांचा मेळ न बसणे, जुने आणि नवे वळ एकाच वेळी दिसणे, कानाचा पडदा फाटणे, गळ्यावर ओरखडे असणे या उघड खुणा झाल्या. पण प्रश्न तिला आणि उत्तर नवऱ्याचे, त्याच्या पावलांचा आवाज आला की वाक्य अर्धवट राहणे, तिच्या नावावर फोन असूनही तो कधीच तिच्या हातात नसणे, लसीकरणाच्या दिवशी घरातून सोडले न जाणे, जननी सुरक्षा किंवा मातृवंदना योजनेचे पैसे खात्यात येताच तिच्याकडून काढून घेतले जाणे, आणि मुलगी झाल्यावर, विशेषतः दुसरी मुलगी झाल्यावर, तिच्या ताटात फरक पडणे या खुणा आशा सेविकेलाच दिसतात. डॉक्टरांना त्या दिसत नाहीत. बाळाचे वजन कारण नसताना अडखळले असेल तर केवळ दूध कमी पडते असे लिहून थांबू नये, कारण सततच्या भीतीत आणि अपुऱ्या झोपेत असलेल्या आईला दूध पाजणे जड जाते.

यांतली कोणतीही एक खूण म्हणजे पुरावा नव्हे. या खुणा आपल्याला फक्त नीट, एकांतात विचारायला हवे एवढेच सांगतात.

तिसरी पायरी : एकांत मिळवा, नाही मिळाला तर विचारू नका

या कामातला सर्वांत कठीण भाग हाच आहे आणि प्रशिक्षणात त्याला सर्वांत कमी वेळ मिळतो. एकांतात विचारा असे सांगणे सोपे आहे, पण दोन खणांच्या घरात एकांत आणायचा कोठून?

एक ओळखीचे चित्र पाहू. आशा घरात शिरते. सासू उंबऱ्याशी सूप घेऊन बसलेली आहे, जाऊ चुलीपाशी आहे, नवरा ओट्यावर मोबाइल पाहत आहे. बाळंतीण भिंतीकडे तोंड करून बाळाला घेऊन बसली आहे. आशा बाळाचे तापमान पाहते, वजन करते, नाळेकडे लक्ष देते आणि मग साध्या आवाजात म्हणते, "मावशी, अंगावर पाजताना बाळाने नीट धरलंय का ते मला बघायचंय, जरा दार लोटून घेऊ का?" स्तनपान पाहणे हे भेटीतले अधिकृत काम आहे आणि त्यासाठी दार लोटले तर पुरुष आपोआप दूर होतात. सासू आत राहिली तर तिला खरेखुरे काम सांगावे : हात धुवायला कोमट पाणी, बाळाचे स्वच्छ दुपटे किंवा माता-बाल संरक्षण कार्ड. कार्ड पेटीच्या तळाशी असेल तर तेवढ्याने चार मिनिटे मिळतात. चार मिनिटांत दोन प्रश्न विचारून होतात.

घरात जमतच नसेल तर लसीकरण सत्र, उपकेंद्रातील तपासणी किंवा अंगणवाडीतला वजनाचा दिवस ठरवावा. दोनेक वर्षांपुढील, बोलू लागलेले मूल जवळ असतानाही विचारू नये, कारण ते ऐकलेले जसेच्या तसे बाबांसमोर बोलते. आणि एकांत मिळालाच नाही तर त्या दिवशी विषय काढू नये. न विचारल्याने एक भेट वाया जाते. चारचौघांत विचारल्याने मात्र रात्री तिला मार बसू शकतो आणि त्या घराचे दार आपल्याला कायमचे बंद होऊ शकते. मध्येच कोणी आले तर विषय कोणता करायचा, हे तिच्याशी आधीच ठरवावे. बाळाच्या लसीचा विषय सर्वांत सोयीचा.

चौथी पायरी : साध्या शब्दांत, थेट विचारा

"तुमच्यावर घरगुती हिंसाचार होतो का?" हा प्रश्न विचारू नये. बहुतेक जणी नाही म्हणतात आणि त्या खोटे बोलत नसतात, कारण नवऱ्याने दोन थपडा मारणे याला त्या हिंसा म्हणतच नाहीत. सुरुवात सर्वांना लागू होईल अशा वाक्याने करावी : "बाळ झालं की घरात ताण वाढतो. मी सगळ्याच बाळंतिणींना हे विचारते, तुला एकटीला नाही. तुझे मालक रागावले की काय करतात?" उत्तराला वेळ द्यावा. मग हळूहळू नेमके विचारावे : "कधी हात उगारलाय का? ढकललं, केस ओढले, गळा धरला, असं काही?" "तुझी तयारी नसताना जवळ येतात का?" "घरात कोणाची भीती वाटते का?"

बाळंतपणानंतर टाके भरले नसताना, रक्तस्राव थांबला नसताना होणारी लैंगिक जबरदस्ती हा असा विषय आहे की तो आपण काढल्याशिवाय तिच्या तोंडून कधीच येत नाही. त्याच ओघात पाळणा लांबवण्याबद्दलही विचारता येते. नवरा साधने वापरू देत नसेल तर ‘अंतरा’ नावाच्या गर्भनिरोधक इंजेक्शनबद्दल आरोग्य सेविकेशी बोलावे. ते दर तीन महिन्यांनी दंडावर देता येते आणि घरात लपवावे लागत नाही. मात्र स्तनपान देणाऱ्या आईला ते प्रसूतीनंतर सहा आठवडे झाल्यावरच दिले जाते.

तिचे वय 18 वर्षांखाली असेल तर एक गोष्ट आधीच स्पष्ट करावी. अल्पवयीन मुलीवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती कळवणे पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आणि लग्न झाले असले तरी हा नियम बदलत नाही. "कोणालाच सांगणार नाही" असे वचन देऊन नंतर ते मोडण्यापेक्षा मर्यादा आधी सांगितलेली बरी. प्रौढ महिलेच्या बाबतीत मात्र पुढचे प्रत्येक पाऊल तिच्या संमतीनेच टाकायचे असते.

मनाबद्दलचे प्रश्नही असेच साधे असावेत. "गेल्या पंधरा दिवसांत मन उदास, कशात जीव लागत नाही असं वाटतं का?" येथून सुरुवात करून "हे सगळं संपवावं, जगूच नये असं कधी मनात येतं का?" येथपर्यंत यावे. असे विचारल्याने आत्महत्येचा विचार तिच्या डोक्यात शिरेल ही भीती निराधार आहे. उलट, कोणीतरी विचारले याचाच तिला आधार वाटतो. बाळाबद्दलही विचारावे : "बाळाचं काही बरंवाईट करावं असे विचार येतात का?" नैराश्य मोजण्यासाठी दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली 1987 पासून वापरात आहे आणि तिचे एकूण गुण 0 ते 30 असतात. ती भरून घेण्याचे काम समुदाय आरोग्य अधिकारी किंवा डॉक्टरांचे. पण तिचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे, आणि त्याचे उत्तर होकारार्थी आले तर एकूण गुण कितीही कमी असले तरी तिला त्याच दिवशी पुढे पाठवायचे असते.

पाचवी पायरी : ऐका, आणि उपाय सांगण्याची घाई करू नका

ती बोलू लागली की आपली जीभ आवरणे हे सर्वांत मोठे काम. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी दिलेल्या मार्गदर्शिकेत याचा क्रम असा आहे : आधी मन लावून ऐकणे, मग तिला काय हवे आहे आणि कशाची काळजी वाटते ते विचारणे, तिच्यावर विश्वास असल्याचे दाखवणे, तिची सुरक्षितता वाढवणे आणि शेवटी तिला पुढच्या आधाराशी जोडून देणे. "तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. मारण्याचा हक्क कोणालाच नाही." ही तीन वाक्ये अनेकींनी आयुष्यात प्रथमच ऐकलेली असतात.

"तू उलट बोलली असशील", "लेकरासाठी सहन कर", "तू अजून राहतेसच कशी?" ही तिन्ही वाक्ये टाळावीत. शेवटचे वाक्य सहानुभूतीचे वाटते, पण त्यात दोष तिच्याच माथी येतो. दारूचे कारणही सावधपणे ऐकावे. दारूमुळे मारहाण वाढते हे खरे आहे. पण हाच माणूस पिऊन असतानाही पोलीस पाटलावर किंवा सावकारावर हात टाकत नाही, बायकोवरच टाकतो, हेही तितकेच खरे आहे. म्हणून दारू सुटली की सगळे सुरळीत होईल असे आश्वासन देऊ नये.

नवऱ्याला समोर बसवून समजावण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. गावात कोणीतरी जाणते मध्ये पडते, तंटामुक्ती समितीत विषय जातो, तो सर्वांसमोर हात जोडतो, तिला नांदायला पाठवले जाते आणि घराची कडी लागल्यावर घर चव्हाट्यावर आणल्याचा हिशेब चुकता होतो. अशा समेटाची किंमत तिलाच मोजावी लागते, आणि आपण मात्र प्रकरण मिटले म्हणून समाधान मानतो.

सहावी पायरी : धोका किती आहे, ते तपासा

धोका दोन बाजूंनी असतो, त्याच्याकडून आणि तिच्या स्वतःच्या हातून. गळा आवळणे, कोयता किंवा कुऱ्हाडीचा धाक, गरोदरपणी पोटावर मारणे, मार दिवसेंदिवस वाढत जाणे, जीव घेण्याची धमकी आणि तिने वेगळे होण्याचा निर्णय बोलून दाखवणे ही गंभीर धोक्याची चिन्हे आहेत. गळा आवळण्याला विशेष महत्त्व द्यावे. वरून खूण नसली तरी आत इजा असू शकते, आणि ज्या घरात एकदा गळा धरला गेला तिथे पुढे जीव जाण्याचा धोका कित्येक पटींनी वाढलेला असतो. अशा महिलेला आवाज बसणे, गिळताना दुखणे किंवा चक्कर असा त्रास असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

जगण्याची इच्छा संपल्याचे ती सांगत असेल तर तिला एकटे सोडू नये आणि घरातले फवारणीचे औषध कोठे ठेवले आहे ते पाहावे. शेतकरी घरात कीटकनाशकाचा डबा बहुधा पलंगाखाली किंवा फळीवर असतो. तो तिच्या विश्वासातल्या माणसाकरवी घराबाहेर, कुलपात किंवा शेजाऱ्याकडे हलवावा. आत्महत्येचा विचार ही क्षणाची लाट असते आणि त्या क्षणी साधन हाताशी नसेल तर जीव वाचतो. कारण सांगण्याची गरज नाही. "घरात लहान बाळ आहे, औषध आत नको" एवढे पुरते आणि ते खरेही आहे. टेलि-मानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. एखादीने प्रयत्न केलाच असेल तर गुन्हा दाखल होईल म्हणून घरचे दवाखाना टाळतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही, हे त्यांना सांगावे.

सातवी पायरी : सुरक्षिततेची आखणी तिच्याच तोंडून करून घ्या

आखणी म्हणजे घर सोडणे नव्हे. बहुतेक जणी लगेच घर सोडत नाहीत आणि त्यांच्यावर तसा दबावही आणू नये. वाद पेटू लागला तर चूल, विळी आणि कोयता असलेल्या कोपऱ्यात न थांबता दाराजवळ यायचे. बाळ कडेवर असताना नवऱ्याचा मार चुकवण्यासाठी धावायचे नाही, तर बाळाला आधी जवळच्या कोणाकडे द्यायचे. शेजारच्या एका बाईशी खूण ठरवायची, जसे की ताटलीचा आवाज किंवा थोरल्या मुलाने येऊन विरजण मागणे. अशा गोष्टी ती स्वतःच सुचवते, कारण त्याचा राग कसा चढतो हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

आधार कार्ड, शिधापत्रिका, बाळाचा जन्मदाखला, बँकेचे पासबुक, माता-बाल संरक्षण कार्ड आणि थोडे पैसे एका पिशवीत ठेवून ती माहेरी किंवा विश्वासू व्यक्तीकडे द्यावी. कागद हलवल्याचे घरात लक्षात येणार असेल तर फोटो काढून आईच्या फोनवर ठेवावेत. दोन क्रमांक पाठ करून घ्यावेत : तातडीसाठी 112 आणि महिला मदतवाहिनी 181. चिठ्ठीवर लिहून देऊ नयेत, कारण ती चिठ्ठी सापडते.

आठवी पायरी : मनाचा उपचार सुरू ठेवा

प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग यांच्याकडे तिला पाठवावे, शक्यतो सोबत जावे. अंगावर पाजणाऱ्या आईला नैराश्याचे औषध चालत नाही, हा गैरसमज घरोघरी आहे. सर्ट्रालीनसारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्तनपान चालू ठेवून घेता येतात. ती मनाने किंवा सासूच्या सांगण्यावरून एकदम बंद करू नयेत. भरती व्हावे लागले तरी 2017 च्या कायद्याच्या कलम 21 नुसार तीन वर्षांखालील मुलाला सहसा आईपासून दूर केले जात नाही. मुलाला तोडतील या भीतीने उपचार नाकारणाऱ्या आईला हे सांगण्याचा फार उपयोग होतो.

औषधाइतकेच नियमित बोलण्यालाही महत्त्व आहे. पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागात गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांना साधे मानसशास्त्रीय कौशल्य शिकवून घरोघरी भेटी देण्याचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा अशा भेटी मिळालेल्या, आधी नैराश्य असलेल्या मातांपैकी 23 टक्के माता अजून नैराश्यात होत्या, तर नेहमीच्या भेटी मिळालेल्या गटात हे प्रमाण 53 टक्के होते. त्या कार्यकर्त्या मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या, आपल्या आशा ताईंसारख्याच गावच्या बायका होत्या. पुढच्या भेटीपर्यंत तिने एक छोटी गोष्ट ठरवायची, उदाहरणार्थ रोज दुपारी बाळ झोपताच स्वतः अर्धा तास पडणे किंवा एका मैत्रिणीला फोन करणे, आणि आपण भेटीत आठवणीने विचारायचे, "जमलं का? कशामुळे नाही जमलं?" एवढ्याशा धाग्यावर ती बरीच वाट चालते. रात्रीचे एक पाजणे झाल्यावर बाळ सासूने किंवा आईने दोन-तीन तास सांभाळावे, हे बाळाच्या वजनाचे कारण देऊन घरात सहज पटवता येते. सासूला सरसकट शत्रू मानू नये. कित्येक घरांत तीच पहिली मदत ठरते, कारण तिने स्वतःही तेच भोगलेले असते.

नववी पायरी : तिची इच्छा असेल तेव्हा कायद्याचे दार दाखवा

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 हा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक अशा सर्व प्रकारच्या छळाचा समावेश होतो. त्यातला पहिला मार्ग पोलीस तक्रारीचा नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे घटनेचा अहवाल भरून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो आणि त्यातून संरक्षण, त्याच घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम आणि मुलाचा ताबा मागता येतो. पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत ठेवावी असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात उशीर होतो, हे तिच्यापासून लपवू नये. संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम 4 नुसार कोणीही प्रामाणिक हेतूने संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते आणि त्याबद्दल माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. तरीही तिला न विचारता हे पाऊल उचलू नये. तत्काळ जिवाला धोका असेल तेवढाच त्याला अपवाद.

फौजदारी तक्रार करायची असेल तर नवरा किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या छळाबद्दलच्या, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतील 498-अ या कलमाच्या जागी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 85 लागू आहे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक आहे. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत आणि समुपदेशन एकाच ठिकाणी मिळते. अनेक जिल्ह्यांत पोलीस ठाण्याशी जोडलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्षही आहे. ही कल्पना टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर प्रथम राबवली. आपल्या तालुक्यातील संरक्षण अधिकारी आणि सखी केंद्र यांचे पत्ते गरज पडण्याआधीच शोधून, एकदा स्वतः जाऊन यावे.

दहावी पायरी : नोंद, हवाली आणि स्वतःची काळजी

माता-बाल संरक्षण कार्डावर हिंसेबद्दल एक शब्दही लिहू नये. ते कार्ड घरातच असते आणि नवरा, दीर कोणीही ते उघडून पाहतो. आपल्या वहीतही नाव न लिहिता फक्त आपल्याला समजेल अशी खूण ठेवावी. दवाखान्याच्या केसपेपरवर मात्र डॉक्टरांनी जखमेची जागा, आकार आणि ती कशी झाली हे तिच्याच शब्दांत लिहावे असा आग्रह धरावा, कारण पुढे न्यायालयात तोच कागद उपयोगी पडतो. गावात, बचत गटात किंवा आढावा बैठकीत तिचे उदाहरण नाव गाळूनही सांगू नये. दीडशे उंबऱ्यांच्या गावात नाव न घेताही माणूस ओळखला जातो.

ती सासरी निघाली की तिला विचारूनच तिथल्या आशा ताईंना फोन करावा. किती सांगायचे हे तिने ठरवायचे. "बाळाचं वजन जरा कमी आहे, लवकर एक फेरी मारा" एवढा निरोपही पुरतो. त्यानंतर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात बाळासाठी ठरलेल्या भेटी असतातच. बेचाळिसाव्या दिवशी "नाही ताई, सगळं बरं आहे" म्हणालेली बाई पुष्कळदा तिसऱ्या महिन्यात, बाळाला मांडीवर घेऊन, विचारण्याआधीच बोलू लागते.

ज्या घरातला पुरुष आक्रमक आहे तिथे एकटीने जाऊ नये, गटप्रवर्तक किंवा आरोग्य सेविकेला सोबत घ्यावे आणि आपण कोठे जात आहोत हे कोणाला तरी सांगून निघावे. त्याने थेट विचारलेच, "माझ्या बायकोला काय शिकवून जाता?", तर उत्तर तयार असावे : "बाळाची पुढची लस कधी आहे ते सांगत होते. तुम्हीही लिहून घ्या, बुधवारी या दोघांना घेऊन." आशा सेविकांपैकी काहींच्या स्वतःच्या घरातही हेच चाललेले असते. दुसरीचे ऐकताना आपले उघडे पडल्यासारखे वाटले, रात्री झोप उडाली, तर गटप्रवर्तकांशी किंवा 14416 वर आपणही बोलावे. तो क्रमांक फक्त बाळंतिणींसाठी नाही.